आवारातला मोठा दगड हाताने फोडून हलवताना

डोंगरउताराला लागून जागा घेतली की दोन पावसाळ्यांत माती वाहून जाते आणि ज्या दगडाचे जेमतेम टोक दिसत होते, तो म्हशीच्या पाठीएवढा उघडा पडतो. नेमका तोच पाण्याच्या टाकीच्या, पायवाटेच्या किंवा कुंपणाच्या आड येतो. वाट अरुंद असल्यामुळे यंत्र आत येत नाही. आलेच, तरी घराच्या जोत्याजवळ, विहिरीच्या काठाशी किंवा जुन्या आंब्याच्या मुळांवर ते चालवू देण्याची आपली तयारी नसते. साताऱ्याच्या पश्चिमेकडील आमच्या जागेतून दोन हिवाळ्यांत मी असे सात दगड हाताने काढले. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः काळ्या दगडाविषयी आहे, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे बेसॉल्टवर, वसलेला आहे.

पहिला प्रश्न असा की, समोर दिसतो तो सुटा दगड आहे की खाली पसरलेल्या खडकाचे टोक आहे. पहार घेऊन दगडाच्या कडेपासून अर्ध्या-अर्ध्या फुटावर जमिनीत ठोकत बाहेर जावे. कडेपासून फूटभर अंतरावर पहार सहज दोन फूट आत गेली, तर दगड बहुधा सुटा आहे. चारही बाजूंना ती हातभर खोलीवर टणकन थांबत असेल, तर ते खडकाचे डोके समजावे आणि काढून टाकण्याचा विचार सोडून फक्त वरचा भाग छाटता येईल का, एवढेच पाहावे. ही चाचणी न करता मी एका दगडाभोवती तीन दिवस खणत बसलो होतो. चौथ्या दिवशी कळले की, तो दगड आणि शेजाऱ्याच्या बांधाखालचा खडक एकच आहे.

दगड सुटा ठरला की त्याचे वजन काढावे. बेसॉल्टच्या एका घनफुटाचे वजन 80 ते 85 किलो भरते. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि दगड गोलसर असेल तर आलेल्या आकड्याच्या साधारण निम्म्याहून थोडे अधिक धरावे. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशा दगडाचा गुणाकार तीस घनफूट येतो. गोलाई वजा जाता सोळा घनफूट उरतात, म्हणजे तेराशे किलोंच्या आसपास. दोन माणसे वाकून नीट उचलू शकतील असा तुकडा चाळीस-पन्नास किलोंचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या घनफुटाचा असतो. त्या हिशेबाने तीस तुकडे करावे लागतील. मात्र उचलण्याऐवजी पहारीने लोटत आणि ओंडक्यांवरून सरकवत न्यायचे ठरवले, तर दीडशे-दोनशे किलोंचा तुकडाही दोन-तीन माणसांना सपाट जमिनीवर हलवता येतो आणि त्याच दगडाचे सात-आठ तुकडे पुरतात. तीस तुकडे करायचे की आठ, हे घण उचलण्याआधी ठरवावे. नवशिके लोक बहुतेक श्रम गरजेपेक्षा बारीक फोडण्यात घालवतात, आणि पुढे बांधकामाला मोठा दगड हवा असतो तेव्हा हाती नुसती कपची उरते.

फोडण्यापूर्वी दगड झाडून, धुऊन सर्व बाजूंनी पाहावा. आपल्याकडे शेताच्या कडेला आडवा पडलेला दगड कधी कधी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, निघतो. कोरीव मानवी आकृती, चंद्र-सूर्य किंवा अक्षरे दिसली तर हात लावू नये आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. हद्दीवरचा दगड असेल तर तो मोजणीची खूण नाही याची खात्री करून घ्यावी, कारण ती खूण हलवणे हा गुन्हा आहे. शेंदूर लावलेल्या दगडाबाबत गावातल्या जाणत्या माणसांना आधी विचारावे, हे वेगळे सांगायला नको.

काळा दगडही एका जातीचा नसतो. मुरमाच्या थरात सापडणारे गोल दगड कांद्यासारखे असतात: बाहेर कुजलेल्या खडकाचे पापुद्रे आणि आत टणक गोटा. पापुद्रे पहारीच्या टोकाने उकलून निघतात आणि अर्धा दगड तिथेच कमी होतो. उरलेला गोटा मात्र फार चिवट असतो, कारण त्याला धरायला कडच नसते. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा, पोकळ्यांनी भरलेला दगड तुलनेने मऊ असतो. तो घणाखाली सुबक दुभंगत नाही, तर चुरडतो. पक्का काळा पाषाण मात्र कठीण आणि ठिसूळ असतो, आणि त्याच्या कपचीची धार काचेसारखी असते. कोकणातल्या जांभ्याला घणापेक्षा टिकाव आणि पहार बऱ्या, कारण तो फोडण्यापेक्षा तासून काढणे सोपे जाते. पूर्व विदर्भात, देगलूरच्या बाजूला आणि सिंधुदुर्गात ग्रॅनाइटसारखे दगड मिळतात; त्यांना ठरावीक दिशेने सरळ फुटण्याची सवय असते, जी आपल्या काळ्या दगडाला नसते.

हत्यारे मोजकी पण चांगली असावीत. पाच-सहा फुटी पोलादी पहारी दोन, चार-पाच किलोंचा घण एक, दीड-दोन किलोंची सुतकी (लहान हातोडा), दोन-तीन छिन्न्या, टिकाव, फावडे, घमेली आणि हातभर लांबीचे लाकडी ठोकळे एवढ्यावर काम सुरू होते. घणाचा दांडा ताठ सागवानी घेण्यापेक्षा लवचिक भरीव बांबूचा घ्यावा. त्यामुळे मनगटाला हिसका कमी बसतो, आणि पाथरवट तसाच दांडा का वापरतात हे पहिल्या तासातच समजते. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल तर ते घासून काढावे, नाहीतर त्या पसरलेल्या काठाचा कण गोळीसारखा उडतो. डोळ्यांना बाजूंनी बंद असणारा चष्मा, पायात टोकाला पोलाद असलेले बूट, अंगात जाड पँट आणि भोके पाडताना एन 95 मास्क वापरावा. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका भरपूर असते आणि तिच्याने फुप्फुसांचा कायमचा आजार होतो. बेसॉल्टमध्ये ती कमी असली, तरी कोणतीही दगडाची धूळ छातीत घेण्यासारखी नसते. घणाच्या कामाला हातमोजे घालावेत की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते तुकडे उचलताना ते हवेतच, पण घण फिरवताना सैल मोज्यातून दांडा निसटतो, म्हणून तेव्हा काढून ठेवावेत.

कामाचा काळ कार्तिक ते माघ. पावसाळा संपल्यावर माती अजून ओलसर असते, त्यामुळे दगडाभोवती खणणे सोपे जाते आणि ऊनही सोसवते. भर पावसाळ्यात उतारावरच्या मोठ्या दगडाखालची माती काढणे धोक्याचे आहे. प्रत्येक दिवशी पहिली हालचाल पहारीने करावी, हाताने नव्हे: विंचू, घोणस, फुरसे दगडाखालच्या गारव्याला बसलेले असतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आहे. पण औषध दवाखान्यात असते, म्हणून जवळचा दवाखाना किती दूर आहे हे आधीच माहीत असावे.

आता मुख्य काम. दगडाभोवती फूट-दीड फूट रुंदीचा चर खणून तो निम्म्याहून अधिक उघडा करावा. उताराच्या खालच्या बाजूची माती शेवटपर्यंत तशीच ठेवावी, कारण दगडाला तीच अडवून धरते. दगड उघडा झाला की त्यावर बादलीभर पाणी ओतावे आणि वाट पाहावी. सगळा पृष्ठभाग वाळत येतो, पण जिथे भेग असते तिथे ओलावा मुरलेला असल्यामुळे एक गडद रेघ मागे राहते. ती खडूने आखून घ्यावी. मग सुतकीने दगडावर जागोजागी हलकेच ठोकावे. अखंड दगड खणखणीत वाजतो. आतून तडकलेला बद्द वाजतो. या दोन गोष्टींत अर्धा तास घालवला तर दोन दिवसांचे घणकाम वाचते.

मला हे शिकवले ते पिढ्यान्पिढ्या दगडाचे काम करणाऱ्या वडार समाजातल्या एका वयस्क कारागिराने. मी दगडाच्या मधोमध जोर लावून घाव घालत होतो आणि घण उसळून परत येत होता. ते शेजारच्या जागेत पायाचे काम करत होते. बराच वेळ बघून झाल्यावर जवळ आले आणि म्हणाले, “दादा, पोटावर मारून काय होणार? कड धरा, कड.” दगड दाबाला फार बळकट आणि ताणाला कमकुवत असतो. मधोमध बसलेला घाव दगड पचवतो. कडेपासून चार-पाच इंचांवर बसलेला घाव कडेचा तुकडा बाहेर ढकलतो, म्हणजेच तिथे ताण निर्माण करतो. म्हणून गोल गोट्याचीही आधी एखादी उंचवट्याची बाजू छाटून सपाट करावी, तिच्यामुळे कड मिळते आणि त्या कडेवरून आत सरकत जावे.

घण फिरवताना पाय खांद्याएवढे फाकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले असावेत. एक हात दांड्याच्या शेवटी स्थिर ठेवावा आणि दुसरा वर नेताना घणाजवळ, खाली येताना पहिल्या हाताकडे सरकू द्यावा. जोर लावण्याची गरज नसते. घणाचे वजन आणि उंची हेच काम करतात. पहिल्या दहा-पंधरा घावांत काहीच घडत नाही असे वाटते. त्याच रेषेवर, तीन-चार इंच अंतराने, पुन्हा पुन्हा घाव घालत जावे. दगडाचा आवाज हळूहळू बदलत जातो, खणखणाट कमी होऊन भरड होतो आणि अचानक एक बारीक रेघ दिसते. ती दिसली की घण ठेवून पहारीचे टोक त्या रेघेत घालावे. इतर कोणी, विशेषतः मुले, पंधरा-वीस फुटांच्या आत असू नयेत. कपची नेमकी कोणत्या दिशेला उडेल याचा भरवसा कोणालाच देता येत नाही.

चार-पाचशे किलोंच्या पुढचा अखंड पाषाण नुसत्या घणाला दाद देत नाही. तिथे पाचरा लागतात. पाचरेचा जुना संच साधा आहे: एक पोलादी पाचर आणि तिच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोन अर्धगोल पट्ट्या. पट्ट्या भोकात सोडायच्या आणि त्यांच्या मधोमध पाचर ठोकायची. पाचर आत जाते तशा पट्ट्या भोकाच्या दोन्ही बाजूंना रेटतात आणि दगड आतून फाटतो. बाजारात तयार संच मिळतात. न मिळाल्यास जुन्या गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादापासून चांगला लोहार ते घडवून देतो. भोके 18 ते 20 मिलिमीटर व्यासाची आणि चार ते पाच इंच खोल, सर्व एकाच सरळ रेषेत असावीत. ग्रॅनाइटमध्ये दोन भोकांत सात-आठ इंच अंतर चालते. आपल्या काळ्या दगडात ते पाच-सहा इंचांवर ठेवावे, कारण तडा रेषा सोडून भरकटण्याची शक्यता जास्त असते. पाण्याने दाखवलेली भेग असेल तर रेषा तिच्यावरूनच न्यावी.

भोके पाडण्यासाठी विजेचे हॅमर ड्रिल भाड्याने मिळते आणि एक भोक काही मिनिटांत होते. विजेच्या यंत्राजवळ पाणी नको, म्हणून धूळ बसवण्यासाठी पाणी मारण्याऐवजी मास्क वापरावा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. वीज नसेल तर छिन्नी प्रत्येक ठोक्यानंतर थोडी फिरवत भोक पाडता येते. फक्त त्याला दिवसचे दिवस लागतात. भोकातली भुकटी साफ काढली नाही तर पट्ट्या पूर्ण खाली बसत नाहीत आणि पाचर तिरकी होते.

पट्ट्यांची दिशा चुकवू नये: पाचरेच्या सपाट बाजू तड्याच्या रेषेला समांतर असाव्यात, म्हणजे रेटा रेषेच्या आडवा बसतो. सर्व पाचरा हाताने घट्ट बसवल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकीला सुतकीचा एक-एक ठोका द्यावा आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी. एकीलाच ठोकत बसू नये. ठोक्यागणिक पाचरांचा आवाज चढत जातो, टक्‌-टक्‌ वरून टण्‌-टण्‌ होतो. सगळ्यांचा आवाज सारखा चढला की थांबावे. इथेच लोकांचा धीर सुटतो. दगडाला फाटायला वेळ द्यावा लागतो; पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा एक फेरी, असे चार-पाच वेळा करावे. एकदा संध्याकाळी सहा पाचरा ताणून मी घरी गेलो. सकाळी आलो तेव्हा दगडाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोरा ओढल्यासारखी रेघ उमटली होती आणि मधल्या दोन पाचरा हाताने हलत होत्या. आणखी एका फेरीनंतर दगड आवाज न करता दोन भागांत सरकला. दोन तुकड्यांच्या मध्ये पाय ठेवून पाचरा काढू नयेत, हे त्या क्षणी आठवले पाहिजे.

भोकांत ओतायची प्रसरणशील भुकटीही मिळते. तिच्यात मुख्यतः चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, असते; पाण्याशी कालवून ओतल्यावर ती फुगते आणि साधारण बारा ते चोवीस तासांत दगड फोडते. तिला 32 ते 40 मिलिमीटरची, दगडाच्या उंचीच्या जवळजवळ ऐंशी टक्क्यांपर्यंत खोल भोके लागतात. घर अगदी लागून असेल आणि ठोकाठोक चालणार नसेल, तर तिचा उपयोग आहे. पण हवामानाच्या तापमानानुसार तिचे प्रकार वेगळे असतात. थंडीची भुकटी उन्हाळ्यात वापरली तर भोकातून ती कढत पिचकारीसारखी बाहेर उडते. ओतल्यानंतर भोकात वाकून पाहणे कटाक्षाने टाळावे, कारण डोळ्यात गेलेला चुना दृष्टी नेऊ शकतो. पाण्याचे प्रमाण पाकिटावर लिहिलेले असते तेवढेच घ्यावे.

दगड तापवून त्यावर गार पाणी ओतण्याची जुनी युक्ती अजूनही कोणी ना कोणी सुचवते. दगड तडकतो हे खरे, पण कुठे आणि कसा तडकेल हे हाती राहत नाही. आत पाणी मुरलेले असले तर तो तापतानाच ठिकऱ्या उडवतो. शिवाय हिवाळ्यातल्या वाळल्या गवतात जाळ करणे म्हणजे डोंगराला वणवा लावणे. सुरुंगाचा विचार तर घरी करूच नये. स्फोटके बाळगायला आणि वापरायला कायद्याने परवाना लागतो.

फोडलेला तुकडा हलवण्याचे शास्त्र पहारीत आहे. सहा फुटी पहार घेऊन तिच्या टोकापासून सहा इंचांवर टेकू दिला, तर दुसऱ्या टोकावर टाकलेला पन्नास किलोंचा भार सुमारे साडेपाचशे किलोंचा उचल देतो. मात्र उचल इंच-दोन इंचांचीच मिळते. म्हणून एकाने पहार दाबून धरावी आणि दुसऱ्याने वर आलेल्या कडेखाली लाकडी ठोकळा सरकवावा, तोही हाताने नाही तर काठीने ढकलून. मग टेकू उंच करून पुन्हा तेच. दगडाखाली हात घालण्याची वेळ कधीच येऊ देऊ नये. तुकडा खड्ड्याबाहेर आला की त्याखाली तीन-चार लोखंडी नळ्या किंवा सारख्या जाडीचे ओंडके घालून तो लोटत न्यावा. मागून मोकळी झालेली नळी पुढे आणून ठेवावी. उतारावर नळ्या वापरू नयेत. तिथे जाड पत्र्यावर तुकडा बांधून दोरांनी धरत खाली सोडावा आणि दर दोन-तीन हातांवर उटी, म्हणजे तो घसरू नये म्हणून खालून अडकवायचा ठोकळा किंवा दगड, लावावी. दोर धरणारा वरच्या बाजूला असावा. खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये, “फक्त दिशा दाखवायला” सुद्धा.

न फोडता दगड नाहीसा करण्याचाही एक मार्ग आहे: त्याच्या शेजारी त्याच्याहून खोल खड्डा खणून तो त्यात लोटणे. वर किमान दीड फूट माती राहिली पाहिजे, म्हणजे तिथे भाजीपाला तरी निघतो. पाचशे किलोंच्या आतल्या दगडाला हा उपाय फोडण्यापेक्षा स्वस्त पडतो. खणताना खड्ड्याची दगडाकडची बाजू अगदी शेवटी, वर उभे राहून पहारीने पाडावी. दगडाच्या खाली पोखरत जाणे म्हणजे स्वतःसाठी सापळा रचणे होय.

निघालेला दगड आवारातच वापरला तर उत्तम. मोठे तुकडे उताराला आडवी पौळ (दगडी भिंत) रचायला, मधले सोलिंगला (फरशीखालच्या दगडी थराला) आणि डबर म्हणून, बारीक कपची पायवाटेखाली जाते. ओहोळात अनघड दगडांचे छोटे बांध घातले तर माती अडते आणि पाणी जिरते. दगड बाहेर नेऊन विकायचा असेल तर मात्र तो गौण खनिज ठरतो आणि तहसील कार्यालयातून परवानगी घेऊन स्वामित्वधन भरावे लागते. ट्रॉली भरण्याआधी तलाठ्याकडे चौकशी करावी.

शेवटी राहतो खड्डा. तो एकदम मातीने भरला तर पुढच्या पावसात खचतो. तळाशी कपची, त्यावर मुरूम, असे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून आणि चोपून भरावेत. त्यावर भिंत किंवा टाकी येणार असेल तर भराव एक पूर्ण पावसाळा बसू द्यावा, दसऱ्यानंतर जितका खाली गेला असेल तेवढा मुरूम पुन्हा टाकावा आणि मगच पाया आखावा.